कार्डावरचा बट्टा



आमच्या घरी जमाखर्चाची एक वही आहे. ती आमची नव्हे; आमच्या मंडळींची. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी ती सुरू केली आणि गेल्या एकेचाळीस वर्षांत तिच्या भावंडांनी एक कपाट भरले. महिनाअखेर ताळा जमला नाही, असे त्यात क्वचितच घडले असेल. मागे एका उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे लंडनला जाऊन आलो आणि परत आल्यावर या वहीचा ताळा प्रथमच हट्टाला पेटला. जाताना बँकेकडून एक प्रीपेड कार्ड घेऊन त्यात ५०० पौंड भरून नेले होते. वहीप्रमाणे त्यात जेवढे उरायला हवे होते, त्याहून १३ पौंड ८७ पेन्स कमी निघाले. पौंडाचा भाव सोयीसाठी ११० रुपये धरला, तर हे झाले सुमारे दीड हजार रुपये.

रक्कम घर बुडवणारी नव्हती. परंतु मंडळींनी तीन वेळा वही तपासली आणि ती मिटून ठेवताना त्या म्हणाल्या, "माझ्याच्याने आता हिशेब होत नाही असं दिसतं. विसरायला लागले मी." हे वाक्य आम्हाला दीड हजारांपेक्षा फार महाग वाटले. तेव्हा आम्ही बँकेकडून कार्डाचा संपूर्ण उतारा मागवला, त्यासोबत आलेले बारीक अक्षरांचे दरपत्रक भिंग घेऊन वाचले आणि ओळीला ओळ लावीत बसलो. त्या चार दिवसांत जे कळले, ते आपल्यापुढे मांडावे एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे. व्याख्यानाला आलेल्या मंडळींपैकी बहुतेकांच्या खिशात किंवा पर्समध्ये या क्षणी निदान एक कार्ड आहे, तेव्हा विषय कोणालाच परका नाही.

पहिली गोष्ट ही की, पैशाच्या देवघेवीत मधल्या माणसाने काही कापून घ्यावे, यात नवीन काही नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशा नाना नावांचे रुपये चालत आणि एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत पूर्ण मोलाने खपेलच असे नव्हते. सराफ नाणे पारखी आणि त्यावर बट्टा कापी. गावोगाव पैसा पाठवायचा, तर हुंडी काढावी लागे आणि तिच्यावर हुंडणावळ पडे. "नावाला बट्टा लागला" असे आपण आजही म्हणतो, ते याच व्यवहारावरून. मात्र सराफाच्या बट्ट्यात एक गुण होता. तो समोरासमोर ठरे. सराफ आकडा सांगे, गिऱ्हाईक कुरकुर करी, प्रसंगी उठून शेजारच्या दुकानी जाई. घासाघीस करायला वेळ आणि जागा दोन्ही असे. कार्डाचा बट्टा ठरतो तो कार्ड घेताना, न वाचलेल्या कागदावर. आणि कापला जातो तो महिन्यांनंतर, आपले लक्ष वस्तूकडे असताना. सगळ्या आश्चर्याचे मूळ या अंतरात आहे.

हा बट्टा नेमका कोण घेतो? आपण दुकानात कार्ड देतो तेव्हा आपण आणि दुकानदार असे दोघेच तिथे आहोत असे दिसते. प्रत्यक्षात पाचजण असतात. आपण, आपल्याला कार्ड देणारी बँक, दुकानदाराला यंत्र देणारी बँक, दुकानदार आणि या दोन बँकांची गाठ घालून देणारे जाळे, म्हणजे रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांपैकी कोणी तरी. ही मधली मंडळी आपला मोबदला साधारणपणे दुकानदाराकडून घेतात. शंभर रुपयांची विक्री झाली, तर दुकानदाराच्या खात्यात शंभराला थोडे कमी जमा होतात. या कपातीला व्यापारात एमडीआर म्हणतात. डेबिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून तिला मर्यादा घातली: वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान दुकानदाराला यंत्रावरील व्यवहारात शेकडा ०.४०, मोठ्याला शेकडा ०.९०. पुढे १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरची ही कपात शून्य झाली.

आता यातले आपल्या कामाचे कलम पाहा. डेबिट कार्डावरची ही कपात दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, याची काळजी बँकांनी घ्यावी, असे २०१७ च्या त्याच परिपत्रकात सांगितले आहे. तरीही "कार्डाने दिलेत तर दोन टक्के जास्त पडतील" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पुष्कळदा बिचारा दुकानदार सगळ्या कार्डांना एकाच मापाने मोजतो. क्रेडिट कार्डावरची त्याची कपात खरोखरच अधिक असते आणि डेबिट व क्रेडिट हा भेद त्याला कोणी नीट समजावून दिलेला नसतो. अशा वेळी भांडण न करता एवढेच विचारावे, "हे डेबिट कार्ड आहे, यावरही घेता का?" निम्म्या वेळा काम तेवढ्यावर भागते, असा आमचा अनुभव आहे.

एवढी प्रस्तावना झाल्यावर प्रीपेड कार्डाकडे वळू. प्रीपेड म्हणजे आधी भरलेले. डेबिट कार्डाच्या मागे आपले खाते असते, क्रेडिट कार्डाच्या मागे बँकेची उधारी असते. प्रीपेड कार्डाच्या मागे आपणच आधी ठेवलेली रक्कम असते. भेट म्हणून मिळणारे गिफ्ट कार्ड, मोबाइलमधील पाकीट, परदेशी चलन भरलेले फॉरेक्स कार्ड ही सगळी एकाच कुळातली. आपल्याला वाटते, पैसे आधीच देऊन झाले, आता कापायला राहिले काय? पण या घराला दारे अनेक आणि पुष्कळ दारांशी देवडी बसवलेली. कार्ड काढताना एक रक्कम, पुन्हा भरताना दुसरी, यंत्रातून रोख काढताना तिसरी, नुसती शिल्लक विचारली तरी कित्येकदा चौथी, बरेच महिने वापरले नाही तर पाचवी, आणि उरलेले पैसे परत मागताना सहावी. सर्वच बँका सर्व आकारण्या घेत नाहीत. म्हणून तर प्रत्येक कार्डाचे दरपत्रक वेगळे वाचावे लागते. शिवाय बँकेच्या अशा आकारणीवर १ जुलै २०१७ पासून शेकडा १८ वस्तू व सेवा कर आहे. दरपत्रकात साडेतीन टक्के लिहिले असले आणि पुढे "अधिक कर" हे दोन शब्द असले, तर प्रत्यक्षात ४.१३ टक्के जातात.

देशातल्या प्रीपेड साधनांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जे एकत्रित निर्देश काढले, त्यांत ग्राहकाच्या बाजूची काही चांगली कलमे आहेत. सर्व आकारणी आणि मुदत कार्ड देतानाच स्वच्छ, सोप्या भाषेत सांगावी. शेवटच्या भरण्यापासून निदान एक वर्ष मुदत असावी. आणि ती संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला सूचना देत राहावे. लग्नात आलेले गिफ्ट कार्ड कपाटातल्या शालूच्या घडीत ठेवून विसरणारी घरे आम्हाला ठाऊक आहेत. शालू टिकतो, कार्डाची मुदत टिकत नाही. ते आले, की पाठीमागची तारीख वाचून वहीत लिहून ठेवावी.

आता आमच्या लंडनच्या उताऱ्याकडे येऊ. त्यातली पहिली कोडे घालणारी ओळ एका दुकानातली होती. नातवासाठी ४० पौंडांचा कोट घेतला होता, वहीत ४० लिहिले होते आणि उताऱ्यात ४३ पौंड ८८ पेन्स होते. आम्हाला तो प्रसंग आठवला. कार्ड टेकवल्यावर यंत्राच्या पडद्यावर दोन रकमा आल्या, एक पौंडांत आणि एक रुपयांत. मागे रांग होती. परमुलखात आपला रुपया दिसला, तेव्हा गावचे माणूस भेटल्यासारखे वाटले आणि आम्ही रुपयांचे बटण दाबले. ती चूक आमची.

या सोयीला चलनबदलाची सोय म्हणतात; बँकवाल्यांत तिचे नाव डीसीसी. कार्ड कोणत्या देशातले हे यंत्र ओळखते आणि बिल तुमच्या देशाच्या चलनात करून देऊ का, असे विचारते. मात्र पौंडाचा रुपया कोणत्या भावाने करायचा हे तिथे आपली बँक ठरवीत नाही. तो भाव यंत्रामागची संस्था ठरवते आणि त्यात आपला नफा मिसळते. आमचा हिशेब, आकडे गोल करून, असा पडला. ४० पौंडांचे ११० च्या भावाने व्हायला हवेत ४,४०० रुपये. यंत्राने सहा टक्के चढवून केले ४,६६४. आमच्या कार्डात तर रुपये नव्हतेच, पौंड होते! म्हणून बँकेने त्या रुपयांचे पुन्हा पौंड केले, ४२ पौंड ४० पेन्स, आणि भरलेल्या चलनाहून वेगळ्या चलनात व्यवहार झाला म्हणून करासह साडेतीन टक्के लावले. झाले ४३ पौंड ८८ पेन्स. पौंड घ्यायचे, त्यांचे रुपये करायचे, रुपयांचे पुन्हा पौंड करायचे आणि दोन्ही वेळा बट्टा द्यायचा, असा हा उलटा प्रवास आम्ही एका बटणाने केला होता.

यातून निघणारा नियम अगदी लहान आहे. परदेशात यंत्राने विचारले, तर ज्या देशात उभे आहोत त्या देशाचे चलन निवडावे. लंडनमध्ये पौंड, पॅरिसमध्ये युरो, दुबईत दिरहम. हा नियम रोख पैसे काढण्याच्या यंत्रालाही लागू आहे. साधे रुपयांचे कार्ड असले, तरीही बहुधा यातच फायदा असतो. कारण आपल्या बँकेची आकारणी दरपत्रकात पाहता येते, समोरच्या यंत्राची ऐनवेळी कळते, आणि काही बँका रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावरही आपली आकारणी वेगळी लावतात. युरोपीय संघाने आपल्या सदस्य देशांतील व्यवहारांसाठी १९ एप्रिल २०२० पासून नियम केला, की असा चलनबदल करणाऱ्याने युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के अधिक घेतो, हे पैसे घेण्यापूर्वी दाखवावे. ज्या गोष्टीसाठी एवढे कायदे करावे लागतात, तिथे सर्वसामान्य माणूस चुकतो यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

उरलेल्या ओळी अशा होत्या. दोन वेळा यंत्रातून रोख काढली, त्याचे आमच्या बँकेचे २ पौंड प्रत्येकी. त्यांपैकी एक यंत्र स्वतःच १ पौंड ९९ पेन्स घेणारे निघाले. तसे त्यावर लिहिलेही होते, पण आम्ही चष्मा घरी विसरलो होतो. एकदा शिल्लक विचारली, त्याचे ५० पेन्स. मुलीने दोन दिवस पॅरिसला नेले. तिथे शंभर पौंडांइतका खर्च युरोंत झाला, आणि कार्डात केवळ पौंड असल्यामुळे त्यावर साडेतीन टक्के, म्हणजे साडेतीन पौंड पडले. निघण्यापूर्वी थोडे युरो त्याच कार्डात भरून घेतले असते, तर ते वाचले असते.

आणखी एका ओळीने आम्हाला आठवडाभर घोर लावला होता. पॅरिसच्या हॉटेलाने खोली देताना ५० पौंडांइतकी रक्कम अनामत म्हणून अडवून ठेवली होती. ती कापलेली नसते, बाजूला काढून ठेवलेली असते आणि हिशेब मिटल्यावर सुटते. पण सुटायला काही दिवस लागतात. प्रीपेड कार्डात मुळात पैसेच मोजके असल्याने तोवर आपली शिल्लक तेवढ्याने खाली दिसते. हॉटेल, भाड्याची मोटार, स्वतः भरून घ्यायचा पेट्रोलपंप अशा ठिकाणी प्रीपेड कार्ड देण्यापूर्वी, किती रक्कम अडवणार आणि ती केव्हा सुटणार, हे विचारून घ्यावे.

आता नुसत्या टेकवून चालणाऱ्या, म्हणजे कॉन्टॅक्टलेस कार्डासंबंधी. पुष्कळांची अशी समजूत आहे की टेकवण्यालाच काही तरी जादा पडते. तसे नाही. कार्डाच्या पोटात एक चिप आणि तिच्याभोवती तारेचे बारीक वेटोळे असते. यंत्र १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते, वेटोळ्याला त्यातूनच चिमूटभर वीज मिळते आणि चिप यंत्राशी बोलते. हे बोलणे चारेक सेंटिमीटरच्या आत होते. हात जरा लांब नेला, की संपले. आपल्याकडे ५,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहाराला पिन न विचारण्याची मुभा १ जानेवारी २०२१ पासून आहे. त्यापूर्वी ही मर्यादा २,००० होती. खोच अशी की, पिन दाबायला लागणारे ते दहा सेकंद आपल्या उपयोगाचे होते. तेवढ्या वेळात नजर आकड्यावर जाई. टेकवताना ती कार्डावर असते, आकड्यावर नसते.

याचे उत्तम उदाहरण लंडनच्या वाहतुकीत आहे. तिथल्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरपासून भुयारी रेल्वेतही बँकेचे कार्ड टेकवून जाता येऊ लागले. व्यवस्था सुरेख आहे. दिवसभरात कितीही फिरलात, तरी ठराविक कमाल रकमेपुढे भाडे जात नाही. पण तिचे तीन नियम पक्के आहेत. बसमध्ये चढताना एकदाच टेकवायचे. रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा. बाहेर पडताना विसरलात, तर तुम्ही कोठवर गेलात हे यंत्राला कळत नाही आणि ते सर्वांत मोठे भाडे लावते. दुसरा नियम, दोन्ही वेळा तेच कार्ड हवे. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना मोबाइल टेकवला, तर मोबाइलमध्ये तेच कार्ड असले तरी यंत्राच्या लेखी ते दोन निराळे प्रवासी असतात. दोघांचाही प्रवास अपुरा आणि दोघांनाही मोठे भाडे. तिसरा, पाकिटात तीन कार्डे असताना सबंध पाकीट टेकवू नये. कोणत्या कार्डाने भाडे भरले जाईल याचा नेम नसतो. भारतातल्या मेट्रोंतही आता कार्ड टेकवून दार उघडता येते. तेव्हा एकच कार्ड बाहेर काढून टेकवण्याची ही सवय घरीच लावून घेतलेली बरी.

घरच्या घरी करता येण्याजोगा आणखी एक बंदोबस्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने बँकांना असे सांगितले, की डेबिट वा क्रेडिट कार्डावर टेकवून देणे, इंटरनेटवरून देणे आणि परदेशात वापरणे या सोयी चालू वा बंद करण्याचा आणि त्यांची मर्यादा ठरवण्याचा अधिकार ग्राहकाच्या हाती द्यावा. बँकेच्या ॲपमध्ये ही बटणे असतात. ज्यांना परदेशी जायचे नाही, त्यांनी ती सोय बंदच ठेवावी. दार उघडे ठेवून पहारा करण्यापेक्षा कडी लावणे सोपे.

आणि इतके करूनही उताऱ्यात न समजणारी ओळ दिसलीच, तर? प्रथम कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी विचारावे: ही रक्कम कोणत्या तारखेच्या कोणत्या व्यवहाराची आणि दरपत्रकाच्या कोणत्या कलमाखाली? प्रश्न असा नेमका असला, की उत्तरही नेमके द्यावे लागते. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिला शुल्क पडत नाही. आम्ही आमच्या बँकेला विचारले. आमच्या साऱ्या ओळी दरपत्रकाप्रमाणे निघाल्या. परत काही मिळाले नाही. ज्याच्यावर आपण सही केली आहे, त्याला फसवणूक म्हणता येत नाही. पण ज्यावर सही केली ते अक्षर भिंगाशिवाय वाचता येऊ नये, याला प्रामाणिकपणा तरी कसा म्हणावा, हा प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही. सराफाला आपला बट्टा तोंडाने सांगावा लागे. यंत्रानेही तो तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, पैसे घेण्यापूर्वी सांगावा, ही मागणी आपण नागरिकांनी करायला हवी.

असो. त्या चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका कागदावर बेरीज मांडली. कोटावर जादा गेलेले ३ पौंड ८८ पेन्स, रोख काढण्याचे ५ पौंड ९९, शिल्लक विचारल्याचे ५० पेन्स आणि पॅरिसचे ३ पौंड ५०. एकूण १३ पौंड ८७ पेन्स. कागद मंडळींपुढे ठेवला. त्यांनी स्वतः पुन्हा बेरीज केली, कारण आमच्या बेरजेवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. मग वही काढून त्या पानावर नवे चार आकडे लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझी वही बरोबर होती." आम्ही म्हटले, "होती." त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी स्वस्थ झोप लागली.

आता वहीत किराणा, दूध, औषधे यांच्या शेजारी वटणावळ असा एक नवा रकाना आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशी वही असेल, त्यांनीही तो आखून घ्यावा. आणि ज्यांचा ताळा कधी चुकेल, विशेषतः उतारवयात चुकेल, त्यांनी स्वतःच्या डोक्याला दोष देण्यापूर्वी कार्डाचा उतारा मागवावा.